समोरासमोरचे दोन बाण

मी, पदार्थविज्ञानाची निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. मन स्थिर असल्याचंही लिहायचा प्रघात आहे, पण ते खोटं ठरेल. उद्यापासून माझ्या पोटातल्या गाठीवर किरणोपचार सुरू होणार आहेत आणि मी भयंकर घाबरले आहे.

कलम १. राहतं घर माझ्या मुलीला. ती वकील आहे, त्यामुळे भांडायला बाहेरून कोणी आणावं लागणार नाही.

कलम २. शिलाई मशीन नणंदेला. "हिला गणितापलीकडे काही येत नाही," असं ती चारचौघांत म्हणाली होती. तिच्या घरचे सगळे पडदे याच मशीनवर मी शिवले, हे तिने सुई ओवताना आठवावं.

कलम ३. फळ्यावर लावायचे माझे लाकडी बाण पोपटला. हा माझा विद्यार्थी. सूत्रं घडाघडा म्हणायचा आणि अर्थ विचारला की छताकडे बघायचा, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. कपाट दोघांनी समोरासमोरून ढकललं, तर हा दोघांच्या जोरांची बेरीज करून मोकळा. मी बाण एकमेकांसमोर लावून ओरडायचे, "दिशा कुठे गेली? विरुद्ध दिशा म्हणजे वजा!" शेवटी त्याने तेही पाठ केलं.

आज हाच पोपट रुग्णालयात किरणांची मात्रा ठरवतो. माझ्या गाठीवर किरण समोरासमोरच्या दोन बाजूंनी येणार आहेत आणि इथे वजाबाकी चालत नाही. जोराला दिशा असते, मात्रेला नसते. पाव दोन्ही बाजूंनी शेकला म्हणून कच्चा राहत नाही. पोपटने माझंच वाक्य धरून वजाबाकी केली, तर मात्रा कमी दिसेल आणि तो किरण वाढवेल. पुढचं मला कळतं, म्हणूनच हातपाय गार पडले आहेत.

साक्षीदाराच्या सहीसाठी तो आज घरी आला, तेव्हा मला राहवलं नाही.

"दोन्हीकडचे किरण. बेरीज की वजाबाकी?"

"बेरीज, बाई."

"पाठ आहे, की कळलंय?"

तो छताकडे बघू लागला.

"हात द्या, बाई," तो म्हणाला आणि माझा गारठलेला हात त्याने आपल्या दोन तळव्यांमध्ये धरला. "हा इकडून, हा तिकडून. ऊब कमी झाली का?"

नव्हती झाली.

"भीती मलाही वाटते, म्हणून दुसऱ्याकडूनही हिशेब तपासून घेतलाय."

कलम ३ रद्द. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं मुलीने बजावलं आहे. बाण त्याला आजच दिले, पण उसने. भीती अजून आहे. तरी उपचार संपले की बाण परत आणायला मीच जाणार आहे.

स्थळ : माझं स्वयंपाकघर
दिनांक : उपचारांचा आदला दिवस
सही : बाई (अक्षर वाकडं आलं आहे, सही माझीच)
साक्षीदार : १. शेजारचे शिंपी २. पोपट