उलट्या फोटोतलं हाइंकेल

दाढी करताना आरशात मागच्या भिंतीवरचा फोटो दिसला, आणि त्या क्षणी माझं सगळं फिरलं. तेव्हापासून आजवर मी पूर्ण शुद्धीवर आहे, प्यायलेलो नाही, मला कुणी भरीला घातलेलं नाही. बोर्गहिल्डमावशींच्या माडीवरचा भाडेकरू, मी आयविंद हाउकोस, वय बावीस, शिक्षण अर्धवट, माझ्या माघारी माझ्या वस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवतो.

एक. दाढीचा आरसा हाल्वर्दकाकांना द्यावा. युद्धात आमच्या ग्रोवत्नेट तळ्याच्या बर्फावर आदळून उतरलेल्या आणि मग तळ्यात बुडालेल्या जर्मन विमानाचा हा फोटो त्यांनीच जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून छापून सगळ्यांना वाटला. हाइंकेल विमानाचं काचेचं नाक वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेलं असतं. फोटोत ते त्याच्या डाव्या हाताला दिसतं, म्हणून काकांचा निकाल : हे हाइंकेल नव्हेच, दुसऱ्या जातीचं, युंकर्स. मी म्हणालो, "काका, तुम्ही काच उलटी ठेवून छापलीत. मागचा डोंगरही उलटा आलाय. विमान पश्चिमेला नाही, पूर्वेला ओढ्याच्या तोंडाशी बुडालंय." ते गावच्या सभेत सगळ्यांदेखत म्हणाले, "विमान ओळखता येईना म्हणून फोटोच उलटा? कॉलेजातही पुस्तक उलटंच धरायचास वाटतं!" सगळे हसले. त्यांची मुलगी सिग्ने, तीही हसली. काकांनी आरशासमोर तो फोटो धरावा आणि मग हसावं.

दोन. कॉलेजची पुस्तकं मावशींच्या चुलीत घालावीत. बरीचशी कोरी आहेत, छान पेटतील.

तीन. स्की आईला. बर्फ कच्चा होता हे मला माहीत होतं, एवढं मात्र तिला सांगू नये.

चार. भिंग, फोटो मोठे करायचं यंत्र आणि सगळे फोटो सिग्नेला. त्या सभेनंतर ती म्हणाली होती, "आयविंद, तू एक तरी गोष्ट तडीस नेलीस का रे?" आणि बँकेतल्या त्या गुळगुळीत माणसाला होकार दिला. परवा शनिवारी लग्न. म्हणून आज कमरेला दोर बांधून, बर्फाला भोक पाडून मी लोखंडी गळ सोडणार आणि विमानाचा तुकडा तिच्या दारात नेऊन टाकणार.

मावशी म्हणतात, "अरे, जूनमध्ये होडी घेऊन जा की! विमान काय पळून जातंय?"

विमान नाही, मावशी.

पाच. सिग्नेनं विणलेला स्वेटर कुणालाही मिळणार नाही. तो माझ्या अंगावर असेल.

साक्षीला दोन माणसं लागतात. मावशी म्हणाल्या, "थांब, दुसरं आणते," आणि सिग्नेलाच घेऊन आल्या. तिनं उभ्या उभ्या सगळं वाचलं, म्हणून हे खाली जोडतो.

"साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही ना?"

"कायद्यानं नाही."

"मग पेन दे."

"म्हणजे माझं काहीच नको तुला?"

"मेल्यावरचं नको. आणि दोराचं दुसरं टोक कोण धरणार होतं, गाढवा?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शनिवारचं विचारणार, तोच ती म्हणाली, "शनिवारचं विचारू नकोस."

साक्षीदार : बोर्गहिल्ड म्योएन. सिग्ने हाल्वर्दची.
सही : आयविंद हाउकोस
ग्रोवत्नेट, ३ मे १९८४

कलम चार रद्द झालं. ती दोर घेऊन जिना उतरतेय. मावशींकडे हा कागद देतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.