बोअरचं पाणी

प्रिय गौसिया,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. इकडे सलग तिसरं वर्ष कोरडं. नळाला दहा दिवसांनी पाणी येतं. गावाचं सांडपाणी मात्र आमच्या केंद्रावर यायचं थांबत नाही. ते शुद्ध करून आम्ही सहकारी संस्थेच्या मोसंबीच्या बागांना देतो. मागे उरतो गाळ. तो यंत्राच्या पट्ट्यांमध्ये पिळून कोरडा केला, की संस्था खतासाठी उचलते. तुझ्या भावानं, पाशाभाईंनी, नऊ वर्षं हेच यंत्र चालवलं.

मागच्या उन्हाळ्यात गाळ पिळला जाईना. शेणकाल्यासारखा वाहायचा. ट्रॉलीतून भर रस्त्यात सांडला, तेव्हा संस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, आता नको. गाळ तुंबला की केंद्र बंद, आणि केंद्र बंद म्हणजे बागा गेल्या. पिळण्याआधी गाळ गोळा व्हावा म्हणून त्यात एक पूड पाण्यात कालवून घालतात. नळाचं पाणी वाचावं म्हणून ती बोअरच्या पाण्यात कालवायची, असं इथली अभियंता म्हणून मीच ठरवलं होतं. पाशाभाई म्हणाले होते, “ताई, ह्या पान्यात डाळ शिजत न्हाई, पूड कशी फुगंल?” मी म्हटलं, तुम्ही फक्त माप नीट घाला. पुढं चौकशी झाली आणि त्यांना काढून टाकलं, तरी गाळ तसाच वाहत राहिला.

यंदा फाल्गुनात मी दोन बरण्यांत सारखाच गाळ घेतला. एकीत बोअरच्या पाण्यातली पूड घातली, दुसरीत नळाच्या. पहिली ढिम्म राहिली. दुसरीत दूध नासावं तसे गठ्ठे झाले आणि वर नितळ पाणी आलं. मी पाच वेळा करून पाहिलं. सुंदररावांनी संस्थेच्या टँकरमधून रोज दोन पिंपं गोडं पाणी द्यायचं कबूल केलं. आता गाळ फावड्यानं उचलता येतो. सगळे माझं कौतुक करतात.

ईदला मी केजला तुझ्या घरी आले होते. तू विचारलंस, “कावून काढलं असंल गं भाईला त्या सायबानं?” मी शीरखुर्मा खात राहिले. तू पुन्हा वाढलास, तोही खाल्ला.

असा कुणी साहेब नव्हता, गौसिया. चौकशीच्या अहवालातले ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हे शब्द माझे आहेत, खाली सहीही माझीच. गेल्या आठवड्यात मी दुसरा अहवाल दिला, चूक माझी होती असा. पाशाभाईंना परत घेतील का, माहीत नाही. सोमवारी तलवाड्याला त्यांच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, “मला ठाव हाय. तवाच कागद वाचला व्हता.” म्हणजे वर्षभर त्यांना माहीत होतं आणि त्यांनी तुला कळू दिलं नाही. मी विचारलं, का? ते म्हणाले, “तिला एकच मैतरीन हाय.” म्हणून हे तुला मीच लिहिते आहे.

तुझीच,
शिवकन्या