खिळ्यावरचा नान

मोयनाक, २० जून १९६४

चि. सौ. जुमागुल हिला आपाचे आशीर्वाद. इकडील क्षेम, तिकडचं कळव.

पाहुण्यांचा हंगाम लागला. माझ्या दोन्ही खोल्या भरल्या. ताश्कंदच्या एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत. लोकांना उन्हाचं ज्ञान देतात आणि स्वतः पहिल्याच दिवशी वाळूत पडून पाठ सोलून घेतली. दही थापून दिलं. त्यांचे यजमान पांढरी पँट घालून धक्क्यावर बँडसमोर नाचले आणि नाचता नाचता पाण्यात गेले. सगळा किनारा हसला. मी इथे सून म्हणून आले तेव्हा गाव म्हणजे नुसत्या होड्या, जाळी आणि माशांचा वास. आता आइस्क्रीमची गाडी आहे, हॉटेल आहे, बायका छत्र्या घेऊन फिरतात. वास मात्र तोच.

बाईंनी भिंतीवरचा नान पाहून विचारलं की हा शोभेला लावलाय का. मी सांगितलं, की समुद्रावर निघणारा माणूस नानाचा एक घास चावतो आणि उरलेला आम्ही खिळ्याला टांगतो. परत येऊन त्यानेच तो संपवायचा. तुझ्या ओराझबाय दाजींनी तीन वर्षांपूर्वी वादळाच्या दिवशी हा घास घेतला. तेही आले नाहीत, होडीही नाही, सोबत दिलेली माझी निळी किटलीही नाही. बाईंनी जवळ जाऊन दातांची खूण पाहिली. जाताना त्यांची पुस्तकं मला देणार आहेत. अक्षर लावत लावत वाचीन.

तू नुकूसला ये म्हणतेस. मी आले आणि इथे कुणी दार वाजवलं, तर उघडणार कोण?

पाणी यंदा धक्क्याच्या पायऱ्यांपासून थोडं मागे आहे. म्हातारे म्हणतात, जातं तसं येतं. मुलांना पाठव, आणि माया आहे तशीच ठेव.
तुझी शारीपा

नुकूस, ९ जुलै १९६४

ती. आपास जुमागुलचा सादर सलाम.

मुलं तुझ्याकडे यायला नाचताहेत. धाकट्याला वाटतं मासे डब्यातच जन्मतात. त्याला एकदा तुमचा माशांचा कारखाना दाखव.

सासूबाईंनी तुझ्यासाठी एक स्थळ पाहिलंय. कापडाच्या दुकानात आहे, बायको वारली, स्वभाव गरीब. तू नको म्हणशील हे मी सांगितलं, तर म्हणाल्या की नानाशी संसार होत नाही. मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.
रागावू नकोस, आठवण काढत राहा.
तुझी जुमागुल

मोयनाक, २ मे १९७०

चि. सौ. जुमागुल हिस आशीर्वाद.

दरवर्षी वसंतात कपडे बदलायच्या लाकडी खोल्या ट्रॅक्टरने ओढून पाण्याच्या कडेला नेतात, तुला माहीत आहे. गेल्या साली दोनदा ओढाव्या लागल्या. डॉक्टरीणबाई आता येत नाहीत. शेवटच्या खेपेला म्हणाल्या, तुम्ही समुद्र दाराशी आहे असं लिहिलं होतं, शारीपा. मी खोटं लिहिलं नव्हतं. पत्र पोचेपर्यंत तो सरकला.

सगळा गाव पाणी परत यावं म्हणून दुवा मागतो. मीही हात उचलते. पण जुमागुल, माझ्या मनात दुसरंच येतं. तुझे दाजी त्या पाण्याखाली आहेत. पाणी हटलं तर सापडतील. माती तरी देता येईल. हात सगळ्यांबरोबर उचलते आणि मनात म्हणते, अजून थोडं हट.

हे कुणाला वाचून दाखवू नकोस.
शारीपा

नुकूस, २५ मे १९७०

ती. आपास सादर सलाम.

तुझं पत्र चुलीत घातलं. असं मनातसुद्धा आणू नकोस. त्या पाण्यावर सगळं गाव जेवतं. तूही जेवतेस.

आता माझं ऐक. हे कालवा खात्यात आहेत, तुला ठाऊकच आहे. म्हणाले, आपाला तेवढं सांग, दुसऱ्या कुणाला नको. अमू नदीचं पाणी कापसाकडे वळवलंय, ते आता खाली समुद्रात उतरणार नाही. म्हातारे काही म्हणोत. तेव्हा तुझ्या दुव्याचा दोष नाही, आणि त्यांच्या दुव्याचा उपयोग नाही. हे सांगून झाल्यावर जेवले नाहीत.

खोली रिकामी करून ठेवली आहे. हट्ट सोड.
जुमागुल

मोयनाक, १४ ऑक्टोबर १९७७

चि. सौ. जुमागुल हिस अनेक आशीर्वाद.

या उन्हाळ्यात एकही पाहुणा आला नाही. कपडे बदलायच्या खोल्या वाळूत आहेत तिथेच राहिल्या, त्यांच्यात शेळ्या बसतात. कारखान्यात मासे गाडीने येतात, दुसऱ्याच समुद्राचे.

गेल्या शुक्रवारी शेजारचा पेरदेबाय म्हातारा हरवलेला उंट शोधत दूर गेला होता. परत आला तो थेट माझ्या दारात. टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, “सूनबाई, तुझी किटली सापडली.”

त्याच्याबरोबर उंटावरून गेले. होडी वाळूत एका कुशीवर होती. तुझ्या दाजींनी लावलेला निळा पट्टा अजून ओळखू येत होता. किटली निळीच, झाकण मी तारेने बांधलं होतं तसंच. एक बूट. आम्ही हातांनी सगळी वाळू उपसली. ते नव्हते, जुमागुल. हाडही नाही. समुद्राने त्यांना आधीच कुठे नेलं होतं कोण जाणे.

इतका समुद्र गेला, आणि मला किटली मिळाली.

मुल्लांनी सांगितलं, बुटासाठीही दुवा करता येतो. केला. सगळा गाव आला, जे उरलेत ते. घरी येऊन त्या किटलीत चहा केला आणि खिळ्यावरचा नान उतरवला. दगड झाला होता. चहात भिजवून खाल्ला, सगळा. त्यांच्या दातांची खूण होती तो भाग शेवटी.

सासूबाईंना सांग, उत्तर सुचायला उशीर झाला. म्हणावं, झाला संसार.

मंगळवारच्या लहान विमानाने येते आहे. तुझ्या यजमानांना, नागमेतना घ्यायला पाठव. त्यांना म्हणावं, माझा त्यांच्यावर राग नाही. पुस्तकं आणि किटली आणते, बाकी काही नाही. निघायचं ठरलं, तसा आज सकाळी तंदूर पेटवून एकच नान केला. त्याचा एक घास मी घेतला आणि उरलेला त्याच खिळ्याला टांगला.

जाताना दार नुसतं लोटून ठेवीन. तुझ्या घरात थोडी जागा आणि मनात होती तेवढी माया ठेव.
तुझी शारीपाआपा