खोकल्याशिवायचा आवाज

९ फेब्रुवारी

धीर केला एकदाचा! नवऱ्याने फोनवर ठेवलेला शेवटचा निरोप ऐकला — "उशीर होईल गं, तुम्ही जेवून घ्या." मध्येच तो खोकला. विचारलं की "काही नाही, घसा बसलाय," म्हणायचा. मीही मान डोलवायचे. आता तो खोकला ऐकवत नाही.

लेक तिच्या खोलीत. बाप गेला तरी डोळ्यांतून टिपूस नाही. काय दगडाचं काळीज या पोरीचं!

१० फेब्रुवारी

खोकला काढून टाकायचा, नुसता आवाज ठेवायचा. आवाजांचा प्रोग्रॅम त्यानेच पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला, माझ्या लॅपटॉपवरही घालून दिलेला. चिन्हांचे अर्थही त्यानेच ठरवलेले. अधिकचं चिन्ह दिलं की दोन आवाज मिसळतात. बरोबरचं चिन्ह दोनदा दिलं की ते सारखे आहेत का, ते कळतं. "चिन्हांना वळण लावतोस, जरा पोरीलाही लाव," मी चिडवायचे.

आधी प्रत काढली. मूळ आणि प्रत सारखे? — हो. मग प्रत साफ केली, दोन्ही जतन केले. शहाणी ना मी!

११ फेब्रुवारी

मूळ फाइलमध्येही खोकला नाही!! आणि फोनवरचा निरोप मुदत संपून आधीच पुसला गेलाय.

दुपारी उलगडलं. मी प्रत काढलीच नव्हती, त्याच आवाजाला दुसरं नाव चिकटवलं होतं. पर्लमध्ये नुसतं 'हे म्हणजे ते' लिहून वस्तू दोन होत नाहीत, तिच्याकडे बोट दाखवणारे दोन होतात. आणि सारखे आहेत का विचारलं, तर 'हो'च येणार! कितीदा सांगितलं होतं त्याने — "धरणारा एक जरी उरला, तरी वस्तू जात नाही. शेवटचा सुटला की संपलं."

उरलाय तो गुळगुळीत आवाज, स्टेशनवरच्या घोषणेसारखा. हा माझा नवरा नाही. मी त्याला दुसऱ्यांदा घालवलं.

१३ फेब्रुवारी

मागच्या खोलीतून खोकला आला. त्याचाच! हातातलं भांडं पडलं. जाऊन बघितलं नाही.

१५ फेब्रुवारी

पुन्हा. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "मनाचे खेळ गं ताई. चार दिवस राहायला ये माझ्याकडे."

मनाचे खेळ — मग खोकल्यानंतर "जेवून घ्या" कसं ऐकू येतं?

१६ फेब्रुवारी

मागच्या खोलीचं दार ढकललं. त्याचा जुना कॉम्प्युटर चालू. लेक त्याच्या खुर्चीत, डोळे सुजलेले. तो गेला त्या दिवशी तिने त्याच्या प्रोग्रॅममध्ये निरोप उघडला, तेव्हापासून प्रोग्रॅम बंदच केलेला नाही. मी फाइल पुसून बसले, पण चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत मूळ आवाज हिने धरून ठेवला होता.

"आई, बंद नको ना करूस."

तिच्या पायाशी बसले. म्हटलं, पुन्हा लाव.