चाकावरची जागा

बाबा,

"डब्याच्या मध्यभागी कोणीही बसेल, चाकावर बसून ये, मग सही कर," असं तुम्ही तुमच्या ज्युनिअरला फोनवर म्हणाला होतात, आणि मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोळ्या लाटता लाटता आई पुटपुटली होती, "एका सहीसाठी सगळं ऑफिस खोळंबलंय." नव्या डब्याचं गणित कागदावर बरोबर होतं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला चाचणीच्या गाडीत नेलंत, चाकावरच्या जागेवर बसवलंत आणि हातात काठोकाठ भरलेला पेला दिलात. माझा फ्रॉक भिजला. तुम्ही हसला नाहीत. "गणितात हे पाणी सांडलं नव्हतं," एवढंच म्हणालात. सही केली नाहीत. त्या वर्षी बढतीही झाली नाही.

आता मी तापाचं गणित करते. पाऊस, डास, दाटी, रुग्णालयांतले आकडे घालायचे आणि डेंगी पुढे कुठे वाढेल ते सांगायचं. त्या नकाशावरून तपासणीच्या गाड्या कुठे जाणार ते ठरतं. आलमबागच्या मागे एक वस्ती आहे. आमच्या नकाशात तिथे एकही ठिपका नाही. म्हणून काल गेले. घरोघरी माणसं तापाने पडलेली. एका बाईची सून परवाच गेली होती. "अस्पताल क्यों नहीं ले गए?" मी विचारलं. "जाते तो दिहाड़ी कौन देता, दीदी? दो दिन में ठीक हो जाएगी, यही सोचे थे," ती म्हणाली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठली.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मैडम, डेटा में नहीं है तो मॉडल में कैसे डालें? कल साइन कर दीजिए." मी अडून बसले तर बाकीच्या मोहल्ल्यांच्या गाड्याही थांबतील, आणि हे खोटं नाही. तुमचा डबा सही होईपर्यंत यार्डात उभा राहू शकत होता, बाबा. ताप उभा राहत नाही.

"मम्मा, किसको लिख रही हो?" मुलगी विचारते आहे. ऑफिसचं काम आहे, असं सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती.

त्या बाईचा चहा मी प्यायले नाही. चांगला उकळलेला होता, तरी पाणी कुठलं असेल, असं मनात आलं. कप तसाच ठेवून उठले.

उद्या मला सही करू द्या. एकदाच हो म्हणा.