धनश्रीचं पोट

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

सकाळी धनश्री भाकरी थापता थापता आडवी झाली. पीठ हाताला तसंच. दोन्ही मुठींनी स्वतःचं ओटीपोट बडवत होती. हात धरायला गेले तर माझ्या मनगटाला चावली. वण अजून आहेत. ओकारी झाल्यावर जरा भानावर आली आणि म्हणाली, "आत्याबाई, आत कुणीतरी विळीवर चिरतंय."

सव्वीस वर्षांची सून. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही वेळा हूं की चूं केलं नाही तिनं. आणि पाळी आली की दर महिन्याला हे.

तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. पोटाला हात न लावता म्हणाला, "गॅस आहे." मी म्हटलं, गॅसनं माणूस चावतं का? हसला. इंजेक्शन दिलं. परत येताना ती जीपमध्ये गुडघे छातीशी घेऊन पडून होती आणि रविराज — माझा मुलगा, तिचा नवरा — ड्रायव्हरशी कापसाच्या भावावर बोलत होता.

९ ऑगस्ट

सोनोग्राफी. सगळं नॉर्मल.

डॉक्टर रविराजला म्हणाला, "टेन्शन आहे यांच्या डोक्यात. चार दिवस माहेरी पाठवा." रविराजनं मान हलवली.

मी विचारलं, यात दिसत नाही म्हणजे नाहीच का?

"बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

नाही. पण अंबाजोगाईला बी.एस्सी. केलंय मी. डोळ्याला दिसत नाही ते नसतंच, असं तिथं कुणी शिकवलं नाही.

धनश्री खाली मान घालून बसली होती. जणू चोरी केली.

१७ ऑगस्ट, शनिवार

कुणाला न विचारता धनश्रीला घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेले. बाईडॉक्टर. चाळिशीची, तोंडानं फटकळ. मला बरी वाटली.

तिनं धनश्रीलाच विचारलं, मला नाही. पाळीत संडासला बसताना दुखतं का? दुखतं. किती वर्षांपासून? शाळेपासून. नवऱ्याजवळ जाताना? धनश्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाहेर गेले.

आत बोलावलं तेव्हा धनश्रीचे डोळे सुजलेले होते. डॉक्टर म्हणाली, एंडोमेट्रिओसिसचा संशय आहे. गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसलंच पिशवीच्या बाहेर उगवतं — आतड्यावर, कुठंही. दर महिन्याला तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, आतलं एकाला एक चिकटत जातं. सोनोग्राफीत दर वेळी दिसत नाही. बेंबीतून दुर्बीण घालून बघायचं, सापडेल तेवढं त्याच वेळी काढायचं. ४ सप्टेंबरची तारीख दिली.

"आणि नुसती पिशवी काढून हे जाईल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बाहेरचं तसंच राहतं."

येताना धनश्रीनं रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायला. कधी मागत नाही. आज मागितला.

३० ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवते.

काल पाळी आली. आज दुपारी मी शेतात असताना वच्छलाअक्कांनी — माझे यजमान मोहनराव यांची थोरली बहीण, विधवा, इथंच असतात — दार लावून धनश्रीच्या पोटावर बिब्बा घातला. सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि उकळतं तेल टेकवत जायचं. बेंबीच्या भोवती आणि खाली, सगळीकडे. धनश्रीच्या तोंडात पदराचा बोळा. मी आले तेव्हा खोलीत जळक्या कातडीचा वास होता.

दिवा लाथेनं उडवला. अक्कांना दंडाला धरून ओढत ओसरीवर आणलं. बासष्ट वर्षांची बाई, माझ्यापेक्षा मोठी. भिंतीवर आदळली. मला त्याचं काही वाटलं नाही.

अक्का रडायला लागल्या. "कावून मारती गं सुरेखा? माज्या मायनं मलाबी घातलता. कळ जिरती त्यानं. मला काय पोरीचं वाईट करायचं हाय का?"

वाईट करायचं नव्हतं. तेच तर.

धनश्री म्हणाली, "मीच हो म्हटलं, आत्याबाई. त्या वेळी कुणी कोयता आणला असता तरी हो म्हटलं असतं."

३ सप्टेंबर

बिब्बा उतला. पोटभर फोड, पाणी गळतंय. संभाजीनगरला दाखवलं. बाईडॉक्टरनं हातमोजा घालून एकेक फोड पाहिला. मग म्हणाली, "जिथून दुर्बीण घालायची तिथंच भाजून आणलंत. या कातडीतून मी आत शिरू शकत नाही."

तारीख पुढे गेली. २४ सप्टेंबर.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. पाहुण्यांची पंगत उठली, घरचे जेवायला बसलो आणि मोहनरावांनी विषय काढला. तालुक्याचा डॉक्टर त्यांच्या ओळखीचा, निवडणुकीत सोबत फिरलेला. तो आता म्हणतो, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. महिन्यापूर्वी गॅस होता. मग टेन्शन. आता कॅन्सर.

"पोरगा हाय, पोरगी हाय," मोहनराव म्हणाले. "आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय? तोडीला जाणाऱ्या अर्ध्या बायांच्या काढल्यात. मेल्या का?"

म्हटलं, केशरबाईला विचारा. आपल्याच रानात खुरपते. पंचविशीत काढली, चाळिशीत म्हातारी झाली. ऊसतोडीत खाडा पडू नये म्हणून मुकादमानं तिला डॉक्टरच्या दारात नेलं. तुमच्या सुनेला कुठला ऊस तोडायचाय?

धनश्री दारातूनच बोलली. "मला काढायची न्हाई."

"तुला कोण इचारतंय?"

मग मी बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. मोहनरावांनी ताट भिरकावलं. ते माझ्या कानाजवळून गेलं. पुरण भिंतीला चिकटलं, महालक्ष्म्यांच्या पायाशी आमटी सांडली. राजनंदिनी — माझी नात, चार वर्षांची — टेबलाखाली जाऊन बसली.

रविराज जेवत राहिला.

१५ सप्टेंबर

फोडांवर खपली धरली. तारीख पुन्हा चुकायची नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

तेलगावला माहेरी गेले होते, चुलतभावाच्या दहाव्याला. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे, आणि अक्कांचा फोन. "सुरेखा, पोरीला बापलेकानं नेलं बघ. फोड दाखवायचेत म्हनून नेलं. पर संगं थैलीत गाऊन हाय, टावेल हाय. मला काई बरं दिसंना."

बोलताना त्यांना धाप लागली होती. चोरून केला असणार फोन.

जीप केली. वाटेत ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "मावशी, मी जोरातच चालवतोय."

तालुक्याच्या त्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर गेले. हिरवा गाऊन घालून, हाताला सलाईन, धनश्रीनं स्वतःला संडासात कोंडून घेतलं होतं. रविराज दारावर लाथा घालत होता. "उघड. तमाशा लावलाय का? सगळे बघायलेत." मोहनराव खाली गाडीत बसलेले. कागदावर सही रविराजची. धनश्रीची नाही.

रविराजला कॉलरला धरून फिरवलं आणि कानशिलात दिली. मग आणखी एक. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मागून डॉक्टरनं माझं मनगट धरलं आणि पिरगाळलं. "बाई, हा दवाखाना आहे. भूल देणारा माणूस ताटकळलाय माझा." पिरगाळतच होता. पाठ त्याची संडासाच्या दाराकडे. आत कडी निघाल्याचा आवाज मला ऐकू आला, त्याला नाही आला.

सलाईनचा लोखंडी स्टँड. डोक्यावर मागून बसला. डॉक्टर माझ्या अंगावरच कोसळला, माझ्या लुगड्याला सगळं रक्त.

धनश्री दारात उभी. सुई निसटलेली, हातातूनही रक्त. तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "मी किती वेळ न्हाई न्हाई म्हणत होते."

तिच्या अंगावर माझी शाल टाकली, जिना उतरवला. मोहनराव गाडीतून उतरले आणि काही न विचारता बाजूला झाले.

१९ सप्टेंबर

मनगट सुजून काळं पडलंय. डॉक्टरच्या डोक्याला टाके पडले, जिवाला काही नाही. हे ऐकून बरं वाटलं. वाईटही वाटलं.

रविराज माझ्याकडे बघत नाही. अक्का काल रात्रीपासून धनश्रीच्या उशाशी आहेत. खपलीला खोबरेल लावतात.

२२ सप्टेंबर

हवालदार आला. डॉक्टरची फिर्याद — दोघींपैकी एकीनं मारलं, कुणी ते पाहिलं नाही. माझं मनगट त्याच्या हातात होतं, पेशंट स्वतःला कोंडून बसली होती, हे काहीच फिर्यादीत नाही. कसं असेल? मग विचारतील ना, कशाला कोंडून बसली होती.

परवा दोघींनी ठाण्यात यायचं. परवा म्हणजे २४.

मी विचारलं, एक दिवस पुढे ढकला. "डॉक्टरवर हात टाकलाय बाई, जामीन नसतोय यात. आमच्या हातात काई न्हाई."

रविराज ओसरीवर उभा होता. सगळं पाहिलेला माणूस. हवालदारानं त्याला विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गडबडीत दिसलं न्हाई."

सहा वर्षांत बायकोसाठी बोललेलं पहिलं वाक्य.

२३ सप्टेंबर, सोमवार

पहाटे अक्का आणि रविराज धनश्रीला घेऊन संभाजीनगरला गेले. आज भरती, उद्या सकाळी ऑपरेशन. तिला ठाण्याचं काही सांगितलेलं नाही. मी आता ठाण्यात निघाले आहे. जबाब एवढाच द्यायचा: स्टँड मी मारला.