सात नंबरच्या कॅसेटची परवानगी

३ जानेवारी
निकम सरांनी डिजिटायझेशनचे सगळे अर्ज माझ्या टेबलावर आणून टाकले. "छाननी तुम्ही करा मॅडम. तुम्हाला नाही म्हणायला जमतं." ग्रंथपालांनी सहायक ग्रंथपालाचं केलेलं हे कौतुक समजायचं का, कोण जाणे.

यंदा एकच संग्रह घेणार. एका निवृत्त प्राध्यापकांना स्वतःची सगळी व्याख्यानं जगासमोर आणायची आहेत. वाईची जुनी पंचांगं, सुंदर, पण तीच दुसऱ्या ग्रंथालयानं आधीच स्कॅन केलेली. एका साखर कारखान्याचे अहवाल, त्यात उसापेक्षा अध्यक्षच जास्त. आणि इस्लामपूरच्या प्रकाश वाघमाऱ्यांच्या कॅसेटी. एस.टी.त मेकॅनिक होते. वस्तीतल्या बायकांच्या गायन पार्टीची भीमगीतं तरुणपणी स्वतः रेकॉर्ड केलेली. माझं मन तिथंच अडकलं, बाकीचे अर्ज उगाच चाळले.

फौजेतून रिटायर झाल्यापासून आमच्या ह्यांनी, म्हणजे सुभेदारांनी, स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. आज भरीत. तिखट, पण हुकमानं खाल्लं.

६ जाने.
प्रकाशराव कॅसेटी घेऊन आले. जयभीम झाला, चहा झाला. बिस्किटांच्या डब्यात कॅसेटी, बऱ्याचशा पांढऱ्या बुरशीनं भरलेल्या. जीव हळहळला.

गाण्यांच्या मधलं बायकांचं बोलणंही त्यात आहे म्हणाले. "बाया वराडायच्या, बंद कर की रं ते डबडं. आमी कशाला बंद करतुय!"

आमचे रकाने भरत गेले. दुसरीकडे कुठे आहे? नाही. अवस्था? वाईट. उपयोग कुणाला? पुष्कळांना. हक्क कुणाचा? तिथं त्यांनी स्वतःचं नाव घातलेलं. "मशीन माजं, कॅसेट माजी." म्हटलं, आणि आवाज? डोकं खाजवत त्यांनी नाव खोडलं. गाणाऱ्यांपैकी आता एकट्या इंदूबाई उरल्यात, इस्लामपूरजवळच्या खेड्यात.

सात नंबरची कॅसेट सगळ्यात खराब. आणि सगळ्यात मोलाची. इंदूबाई आणि पार्टीतल्याच शेवंताबाई एकत्र गायल्यात त्या तेवढ्या एकीवरच. शेवंताबाई जाऊन बरीच वर्षं झाली.

१० जाने.
इंदूबाईंकडे गेले. ताठ म्हातारी, कामाचा उरक तरण्यांना लाजवणारा. शेजारी जाऊ, गोदाबाई. दोघी विधवा. चुली दोन, पण जेवण एकत्र. कॅसेटीचं ऐकून इंदूबाई खुलल्या, एक ओळ गुणगुणल्याही. गोदाबाई नुसत्या हसल्या आणि शेळीला पाला टाकायला गेल्या.

त्या गेल्यावर इंदूबाईंनी आवाज बारीक केला. "बाई, सातवी आमच्या घरात भरलीया. मधल्या बोलन्यात मी शेवंतीला सगळं गोदीचंच सांगितलंय. लय वंगाळ बोलली मी तिला. तवा पटत न्हवतं. आता तिच्याबिगर घास उतरत न्हाई."

म्हटलं, गाणी तेवढी नेटवर टाकू, बोलणं बंद ठेवू.

"बंद म्हंजी कुनाला बंद? तुमी तर ऐकनारच की."

परवानगीचा कागद काढला होता, तो पुन्हा पिशवीत ठेवला.

"आदी मला ऐकवा, मंग सांगते. शेवंतीचा आवाज तरी कानावर पडंल."

येताना पिशवीभर पेरू दिले. नको म्हणायची सोय नव्हती.

१३ जाने.
पेच असा. परवानगीशिवाय टेप लावायची नाही, हा नियम. ऐकल्याशिवाय बाई परवानगी देणार नाहीत. आणि सात नंबर फार तर एकदाच वाजेल, मग तुटेल किंवा चिकटेल. सांगलीच्या बागवानांनी तसं स्पष्टच सांगितलं. अशा टेपांचं काम तेच करतात.

सरांना म्हटलं, बाईंच्या समोर एकदाच लावू, रेकॉर्डिंग चालू ठेवून. संपलं की त्या म्हणतील तसं. ठेवा तर ठेवू, पुसा तर पुसू.

"आणि पुसा म्हणाल्या तर? संग्रहातली सगळ्यात चांगली कॅसेट जाईल."

"गेली तर गेली."

सरांनी चष्मा पुसला. मग, "ठीक. पण तसं लिहून द्या मला." माणूस चांगला आहे, कागदाशिवाय झोप लागत नाही एवढंच.

खुशीत येताना कंदी पेढे आणले.

१६ जाने.
व्याख्यानवाल्या प्राध्यापकांचा पुन्हा फोन. विचाराधीन आहे म्हटलं.

मला ती सात नंबर ऐकायची आहे. फार ऐकायची आहे. बंद कुणाला, ह्या प्रश्नात मीही आले की.

२१ जाने., सांगली
पहाटेच्या एस.टी.नं निघाले. बागवानांनी टेप वाळवून नव्या खोक्यात बसवून ठेवलेली. इंदूबाई प्रकाशरावांबरोबर आल्या, ठेवणीतल्या साडीची घडी मोडून.

मी बागवानांना म्हटलं, आवाज फक्त बाईंच्या कानात जाऊ दे. आपण कुणी ऐकायचं नाही. ते म्हणाले, मला मशीनवरचा आवाजाचा काटा हलताना दिसला की पुरे. प्रकाशराव हिरमुसले. मीही, खरं तर.

मग बघत बसलो, नुसता चेहरा. आधी बाईंची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. मग रडल्या. मग एकदम हसल्या, पदर तोंडाला. मग हसू थांबलं आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या ते शेवटपर्यंत. टेप कुरकुरली, पण निभावली.

हेडफोन काढून म्हणाल्या, "गोदी व्हती तितं."

कुणालाच कळेना.

"मी तिला नावं ठिवतीया, शेवंती हसतीया. आन् मागनं गोदी म्हनती, च्या ठिवलाय, गार व्हईल. आमाला हसन्यात कळलंबी न्हाई."

बागवानांनी हळूच विचारलं, पुसू?

"नगं."

"मग ठेवू?"

"ते मी कोन सांगनार? तिनं तवाच ऐकलंया समदं. आन् कवा एका शबदानं बोलली न्हाई. माज्यासंगं जेवती रोज." मग माझ्याकडे वळून, "सही आज न्हाई, बाई. आदी गोदीला इचारते. पर कसं इचारू?"

मी त्यांचा हात धरला. स्टँडवर त्यांनी गोदाबाईंसाठी भडंग घेतलं.

परतीच्या गाडीत मला खूप बरं वाटत होतं. का ते नीट सांगता येणार नाही.

२२ जाने.
शुक्रवारी समितीची बैठक. संग्रहाची शिफारस लिहिली, जोरदार लिहिली. सात नंबरपुढचा हक्काचा रकाना कोरा होता, तिथं इंदूबाई आणि गोदाबाई, दोघींची नावं घातली. सह्यांची जागा रिकामी. सर म्हणाले, गोदाबाई कोण, त्या कुठे गायल्यात? म्हटलं, सांगते सावकाश.

संध्याकाळी प्रकाशरावांचा फोन. इंदूबाईंनी अजून विषय काढलेला नाही. दोघी उंबऱ्यात बसून भडंग खात होत्या. तिकडे गेलेल्या प्रकाशरावांनी सहज विचारलं, काय गोदामावशी, सांगलीला काय झालं ते सांगितलं का हिनं?

"ती काय सांगतीया," गोदाबाई म्हणाल्या. "कॅसेट न्हवं का? त्यात मीबी हाय."

इंदूबाई खाली बघून खात राहिल्या म्हणे. प्रकाशराव विचारत होते, दोघींना घेऊन कधी येऊ. म्हटलं, त्यांचं त्यांना ठरवू द्या.